दुरुस्ती कोण करणार?

तारीख ४ डिसेंबर. २०१९ साली याच दिवशी सकाळी अफगाणिस्तानातल्या जलालाबाद शहरात एका मोटारीवर बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. मोटारीत ७३ वर्षांचे एक जपानी डॉक्टर होते, कालव्याच्या कामावर निघालेले. ते आणि त्यांचे पाच अफगाण सोबती त्या हल्ल्यात मारले गेले. डॉ. तेत्सु नाकामुरा हे त्यांचे नाव. दुसरी तारीख ५ डिसेंबर. २००१ साली याच तारखेला जर्मनीत बॉनजवळच्या पीटर्सबर्गच्या टेकडीवर अफगाणिस्तानच्या नव्या राज्यव्यवस्थेचा करार झाला. हमीद करझाई यांच्या हाती हंगामी सरकार सोपवण्याचे तिथेच ठरले आणि एका उद्ध्वस्त देशाला उभे करण्याची जबाबदारी साऱ्या जगाने उचलली.

दिनदर्शिकेवर या दोन तारखा शेजारी शेजारी आहेत. बॉनमध्ये उभी राहिलेली व्यवस्था १५ ऑगस्ट २०२१ रोजी, आपण लाल किल्ल्यावरचे ध्वजवंदन पाहत होतो त्याच दिवशी, काही तासांत कोसळली. नाकामुरांचा कालवा मात्र आजही वाहतो आहे. सरकार बदलले, झेंडा बदलला, पण कुनार नदीचे पाणी त्याच पाटातून त्याच शेतांना मिळते आहे. युद्धाने मोडलेल्या देशाला जगाने हात कसा द्यावा, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर या दोन तारखांच्या मधोमध उभे राहून शोधावे लागेल.

मराठी माणसाला अफगाण भूमी दोन वाटांनी ओळखीची आहे. एक पानिपताची वाट, जिची जखम आपल्या बोलीभाषेतसुद्धा उतरली आहे. दुसरी हिंगाची आणि सुक्या मेव्याची, जी थेट आपल्या स्वयंपाकघरात येते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिसरी वाट पडली ती पुण्याच्या महाविद्यालयांची. हजारो अफगाण मुले-मुली इथे शिकली, इथल्या पेठांत आणि उपनगरांत भाड्याने खोल्या घेऊन राहिली. त्यामुळे त्या देशाचे काय झाले हा आपल्यासाठी केवळ परराष्ट्र धोरणाचा विषय उरलेला नाही.

आधी पैशाचा हिशेब मांडू. जानेवारी २००२ मध्ये टोकियोत देणाऱ्या देशांची परिषद भरली आणि साडेचार अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली. पुढे हा ओघ वाढतच गेला. एकट्या अमेरिकेने वीस वर्षांत पुनर्उभारणीसाठी सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. आजच्या दराने ही रक्कम बारा लाख कोटी रुपयांच्या वर जाते. युद्धाचा खर्च यात धरलेला नाही. महागाई जमेस धरली तर दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपला सावरणाऱ्या मार्शल योजनेपेक्षाही ही रक्कम मोठी ठरते. म्हणजे पैसा कमी पडला, असे कोणालाच म्हणता येणार नाही.

हा पैसा कसा खर्च झाला, याचा तपशील अमेरिकी संसदेनेच २००८ साली निर्माण केलेल्या विशेष महानिरीक्षक कार्यालयाने वर्षानुवर्षे जगासमोर ठेवला. अफगाण हवाई दलासाठी सुमारे ५५ कोटी डॉलर खर्चून इटालियन बनावटीची वीस मालवाहू विमाने घेतली गेली. ती चालवायला सुटे भाग नव्हते, तंत्रज्ञ नव्हते. त्यांतली सोळा विमाने शेवटी काबूलच्या विमानतळावर तोडली गेली आणि भंगार म्हणून ३२ हजार डॉलरला विकली गेली. सैनिकांच्या गणवेशासाठी जंगलात लपता येईल अशी हिरवी नक्षी निवडली गेली, तिचे हक्क खाजगी कंपनीकडे असल्याने २ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जादा खर्च झाला, आणि त्या देशाच्या भूमीपैकी जेमतेम दोन टक्के भागावर जंगल आहे. सैन्याची रसद वाहणाऱ्या ठेकेदारांनी रस्त्यावरच्या संरक्षणासाठी बंदूकधारी सरदारांना पैसे चारले आणि अशा रीतीने शांततेसाठी आलेला पैसा हिंसेच्याच खिशात गेला. २०१० मध्ये काबूल बँक बुडाली तेव्हा सामान्यांच्या ठेवींचे जवळपास एक अब्ज डॉलर मूठभर बड्या लोकांनी गिळल्याचे उघड झाले.

या सगळ्याला भ्रष्टाचार असे एकच नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्या कार्यालयाच्या अहवालांतून आणखी खोलवरचे दुखणे दिसते. बाहेरून आलेला अधिकारी वर्षभरासाठी यायचा. गावाची नावे नीट पाठ होईपर्यंत त्याच्या परतीची वेळ व्हायची. त्याच्या जागी येणारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. मिळालेला निधी वर्षअखेरीपर्यंत संपला की काम यशस्वी झाले, असे धरले जायचे. शाळेची इमारत उभी राहिली याची नोंद व्हायची, पण तिथे शिक्षक येतो का, छप्पर गळू लागले तर पत्रा कोण बसवणार, हे विचारायला कोणी मागे थांबायचे नाही. काबूलजवळ डिझेलवर चालणारे मोठे वीजकेंद्र उभारले गेले, पण त्याला लागणारे इंधन त्या देशाला परवडणारे नव्हते, म्हणून ते बहुतेक काळ जवळजवळ बंदच राहिले.

असा अनुभव त्या भूमीने आधीही घेतला होता. १९४६ पासून हेलमंड खोऱ्यात अमेरिकी कंपनीने धरणे आणि कालवे बांधायला घेतले. वाळवंटात नंदनवन फुलवण्याची ती महत्त्वाकांक्षी योजना होती. निचऱ्याचा पुरेसा विचार न झाल्याने कितीतरी जमिनीत पाणी साचले, क्षार वर आले आणि पिके गेली. जायकवाडीच्या किंवा कृष्णाकाठच्या खारपड जमिनी पाहिलेल्या शेतकऱ्याला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

आता नाकामुरांकडे येऊ. १९४६ साली जपानमधल्या फुकुओकात जन्मलेला हा माणूस शिक्षणाने मेंदू आणि मनोविकारांचा डॉक्टर. १९८४ साली तो पेशावरला आला, कुष्ठरुग्णांवर उपचार करायला. सोव्हिएत फौजांच्या युद्धामुळे सीमेपलीकडून निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यांच्यासाठी दवाखाने निघाले, आणि १९९१ पासून खुद्द अफगाणिस्तानातल्या डोंगराळ भागातही काम सुरू झाले. २००० साली भीषण दुष्काळ पडला. दवाखान्यात आणलेली मुले रांगेतच दगावू लागली. त्यांना झालेल्या आजारांची औषधे डॉक्टरांकडे होती, पण मुले मरत होती ती भुकेने आणि घाणेरड्या पाण्याने. तेव्हा या डॉक्टरने विहिरी खोदायला घेतल्या. सुमारे सोळाशे विहिरी झाल्या. भूजल आणखी खाली गेले तेव्हा त्याने नदीकडे पाहिले. कुष्ठरुग्णांची सेवा करता करता माणूस माती आणि पाण्याकडे कसा वळतो, हे आनंदवन पाहिलेल्या मराठी वाचकाला नवे नाही.

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये, बॉम्बवर्षाव सुरू असताना, नाकामुरांनी जपानच्या संसदेसमोर साक्ष दिली. तिथे सैन्य पाठवणे निरुपयोगीच नाही तर घातक ठरेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सभागृहात ते बोलणे अनेकांना रुचले नाही. पुढच्या वर्षी त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मेंदूतल्या गाठीने गेला. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च २००३ मध्ये, नंगरहार प्रांतात कुनार नदीवर ‘मरवारीद’ कालव्याच्या कामाला हात लागला. मरवारीद म्हणजे मोती.

या कालव्याची खरी शिकवण त्याच्या बांधणीत आहे. नाकामुरा स्थापत्य अभियंते नव्हते. त्यांनी आपल्या गावाकडच्या जुन्या बांधकामांचा अभ्यास केला. फुकुओकातल्या चिकुगो नदीवर १७९० साली बांधलेला यामादा बंधारा आजही शेतांना पाणी देतो. नदीच्या प्रवाहाला तिरका छेद देणारा, दगडांनी बांधलेला तो बंधारा पुराचे पाणी वरून जाऊ देतो आणि उन्हाळ्यात पाटाकडे पुरेसे पाणी वळवतो. तीच रचना कुनारवर आणली गेली. काठांसाठी काँक्रीटच्या भिंती घातल्या नाहीत. तारेच्या जाळ्या विणून त्यांत दगड भरले आणि त्यांच्यामागे वाळुंजाची झाडे लावली. झाडांची मुळे दगडांच्या फटींतून शिरून काठ घट्ट धरून ठेवतात. पूर्व अफगाणिस्तानातला शेतकरी पिढ्यानपिढ्या दगडांची घरे आणि बांध रचत आला आहे. काँक्रीटला तडा गेला तर सिमेंट, यंत्रे आणि ठेकेदार यांची वाट पाहावी लागते. दगडांची जाळी फाटली तर गावातली चार माणसे सकाळी जाऊन ती विणतात. नाकामुरांनी मुद्दाम असा कालवा निवडला, जो मोडला तर त्यावर जगणाऱ्यांनाच दुरुस्त करता येईल.

सुमारे २५ किलोमीटरचा हा कालवा २०१० मध्ये गंबेरीच्या वाळवंटापर्यंत पोहोचला. खर्च मुख्यतः जपानमधल्या साध्या लोकांच्या वर्गणीतून झाला. रोजंदारीवर शेकडो माणसे असत आणि त्यांत काल-परवापर्यंत हातात बंदूक धरलेलेही होते, या बाजूचेही आणि त्या बाजूचेही. शेतात पाणी आल्यावर पाकिस्तानातल्या छावण्यांत गेलेली कुटुंबे परतू लागली. पुढे त्याच पद्धतीने आणखी बंधारे झाले आणि सगळे मिळून सुमारे १६ हजार हेक्टर जमीन भिजू लागली. साडेसहा लाख लोकांच्या पोटापाण्याची सोय झाली असे नाकामुरांच्या संस्थेचे सांगणे आहे. लोकांनी मागितले म्हणून कालव्याच्या काठी मशीद आणि मदरसाही बांधून दिला, कारण गाव पुन्हा वसायचे तर माणसांनी एकत्र जमण्याची जागा लागते, हे डॉक्टरांनी ओळखले होते. वाटेत मोठी किंमतही मोजावी लागली. २००८ मध्ये त्यांच्या एका तरुण जपानी सहकाऱ्याचे अपहरण करून त्याला ठार मारण्यात आले. त्यानंतर बाकीच्या जपानी कार्यकर्त्यांना त्यांनी मायदेशी पाठवले आणि स्वतः तिथेच राहिले.

नाकामुरांची शवपेटी काबूलहून निघाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनी तिला खांदा दिला. दोन वर्षांच्या आतच घनी देश सोडून गेले. तालिबान आल्यावर काबूलमधले नाकामुरांचे भित्तिचित्र पांढरा रंग फासून पुसले गेले. पण २०२२ मध्ये त्याच तालिबानच्या प्रशासनाने जलालाबादेत त्यांच्या नावाचा चौक केला. ज्या कामावर लोक जगतात त्याला कोणताही सत्ताधारी सहजासहजी हात लावत नाही.

महाराष्ट्राला हे तत्त्व परके नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत शेकडो वर्षे याच विचारावर चालली. बंधारा गावाचा, पाण्याची पाळी लावणारा पाटकरी गावाने नेमलेला, राखण करणारा जागल्या गावाचा, आणि वर्षातून एकदा पाटातला गाळ काढायला साऱ्या फडकऱ्यांनी यायचे. अफगाणिस्तानात पाटकऱ्याला मिराब म्हणतात आणि गाळ काढायच्या सामुदायिक श्रमाला हशर. आपल्याकडच्या इर्जिकेचाच तो भाऊ. औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीची आणि अफगाण करेझची जातकुळीही एकच, जमिनीखालून उताराने पाणी आणणारी. म्हणून हा कालवा एका परोपकारी परदेशी माणसाची कथा म्हणून वाचू नये. गावाजवळ आधीच असलेल्या शहाणपणावर बाहेरून आलेल्या माणसाने विश्वास ठेवला, त्याची ही कथा आहे.

कोणी विचारेल, असा एखादा संत माणूस करू शकतो ते सरकारांना आणि जागतिक बँकेला जमेल का? जमते, आणि त्याचा पुरावाही त्याच देशात आहे. २००३ साली अफगाण सरकारने जागतिक बँक आणि देणाऱ्या देशांच्या मदतीने ‘राष्ट्रीय एकजूट कार्यक्रम’ सुरू केला. गावाने गुप्त मतदानाने आपली समिती निवडायची, त्यात स्त्रियांनाही स्थान द्यायचे, कुटुंबांच्या संख्येनुसार ठरलेले अनुदान घ्यायचे, आणि विहीर हवी की छोटे वीजकेंद्र की रस्ता हे स्वतः ठरवायचे. खर्चाचा हिशेब सर्वांसमोर मांडायचा. ही योजना हजारो खेड्यांत पोहोचली. ५०० गावांत झालेल्या काटेकोर अभ्यासात पिण्याचे पाणी आणि वीज मिळण्यात सुधारणा दिसली, आणि स्त्रियांनी गावाच्या कारभारात भाग घेण्याबद्दल पुरुषांचे मतही काही अंशी बदललेले आढळले. या योजनेने सगळे प्रश्न सुटले नाहीत, गावाची कमाई तिने फारशी वाढवली नाही, पण इथे पैसा गावाच्या हातातून गेला आणि गावाने तो जबाबदारीने वापरला. मोठ्या रकमांच्या गदारोळात अशा कामाला वाटा मिळाला तो मात्र थोडा.

बॉन कराराची मूळ उणीवही इथेच सांगितली पाहिजे. त्या टेबलावर पराभूत पक्ष, म्हणजे तालिबान, नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने ती परिषद चालवणारे लखदर ब्राहिमी यांनीच पुढे ही चूक मोकळेपणाने मान्य केली. ज्याला वाटाघाटीत जागा नव्हती त्याने ती डोंगरात शोधली. पुढच्या वीस वर्षांत साठ हजारांहून अधिक अफगाण सैनिक आणि पोलिसांचे प्राण गेले आणि हजारो निरपराध नागरिक मारले गेले. अफगाण लोक आपल्या देशासाठी लढलेच नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवावा.

तरीही ती सगळी वीस वर्षे वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००१ मध्ये शाळेत जाणारी मुले दहा लाखांच्या आत होती आणि त्यांत मुली जवळजवळ नव्हत्याच. नंतर लाखो मुली शाळेत गेल्या, डॉक्टर झाल्या, न्यायाधीश झाल्या, संसदेत बसल्या. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचे प्रमाण खाली आले. घराघरात अक्षरओळख असलेली एक पिढी तयार झाली. पण ज्या तिजोरीवर हे चालले होते तिच्या खर्चाचा तीन चतुर्थांश भाग बाहेरून येत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तो नळ एका रात्रीत बंद झाला. मध्यवर्ती बँकेची परदेशांत ठेवलेली सुमारे नऊ अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. अर्थव्यवस्था वर्षभरात पाचव्या हिश्श्याने आकुंचली. सत्ता बळकावणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून उचललेल्या या पावलाचा मार बसला तो पगार थकलेल्या शिक्षिकेला आणि रिकाम्या दवाखान्यातल्या परिचारिकेला. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांनाही त्या दिवसांत घरून पैसे येणे बंद झाले आणि पुढचे शिक्षण, व्हिसा, परतीची वाट, सगळेच अधांतरी झाले.

२०२५ साली ३१ ऑगस्टच्या रात्री भूकंप झाला तो त्याच कुनारच्या खोऱ्यात. ६ रिश्टरच्या त्या धक्क्यात दोन हजारांहून अधिक माणसे गेली. डोंगरउतारावरची माती-दगडांची घरे झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. मदतीला धावलेल्या पथकांत बायका जवळजवळ नव्हत्या. परक्या पुरुषाने स्त्रीला हात लावू नये, या बंधनामुळे जखमी बायका मदतीची वाट पाहत राहिल्याच्या बातम्या जगभर आल्या. हे अचानक घडलेले नव्हते. मुलींच्या माध्यमिक शाळा २०२१ पासून बंद आहेत. २० डिसेंबर २०२२ रोजी विद्यापीठांची दारे बंद झाली, त्यानंतर चारच दिवसांनी स्वयंसेवी संस्थांतली नोकरी गेली. आणि डिसेंबर २०२४ च्या आरंभी सुईणी आणि परिचारिका घडवणाऱ्या संस्थांतही मुलींना मज्जाव झाला. जिथे स्त्रीवर उपचार स्त्रीनेच करायचे, तिथे स्त्रीला वैद्यकीचे शिक्षणच नाही. आणखी दहा वर्षांनी अफगाण बाईची प्रसूती कोण करणार?

नाकामुरांच्या कालव्याची शिकवण आणखी पुढे न्यावी लागते ती इथे. मोडलेला देश दुरुस्त करणारे हात तिथलेच असावे लागतात, आणि त्यांतले अर्धे हात बांधून ठेवलेले आहेत. दगडांचा बंधारा कोणाच्याही राज्यात टिकेल, पण शाळेबाहेर ठेवलेल्या मुलीची गेलेली वर्षे परत आणून देणारे तंत्र कोणाकडेच नाही. म्हणूनच ‘आम्ही फक्त पाण्याचे आणि धान्याचे पाहू, बाकी त्यांचे ते बघतील’ ही भूमिका आम्हाला अपुरी वाटते. आणि ‘मुलींना शाळेत घेईपर्यंत एक दाणाही देणार नाही’ ही भूमिका त्याच मुलींना उपाशी ठेवते. या दोन टोकांमधली वाट अवघड आहे, पण ती चालण्यावाचून गत्यंतर नाही.

भारताला ही वाट ठाऊक आहे. आपण तिथे सैन्य पाठवले नाही, कामे केली. सीमा सडक संघटनेने झरंज ते दिलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधला आणि समुद्र नसलेल्या त्या देशाला इराणच्या बंदरांकडे जाणारी वाट मिळाली. या रस्त्यावर सहा भारतीय आणि १२९ अफगाण माणसांनी प्राण गमावले. हिंदुकुश ओलांडून पुल-ए-खुमरीहून काबूलला वीज आणणारे मनोरे उभे केले. हेरात प्रांतात हरी रूद नदीवरचे, युद्धामुळे वर्षानुवर्षे अर्धवट पडलेले सलमा धरण पूर्ण केले. त्याचे सामान भारतातून इराणमार्गे शेकडो किलोमीटर रस्त्याने न्यावे लागे. जून २०१६ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याची क्षमता ४२ मेगावॅट विजेची आणि ७५ हजार हेक्टर सिंचनाची होती. काबूलची संसद बांधून दिली. शाळकरी मुलांना बिस्किटे पुरवली, बालरुग्णालय सावरले, साऱ्या ३४ प्रांतांत चारशेहून अधिक लहान कामे केली. ७ जुलै २००८ रोजी काबूलच्या आपल्या दूतावासावर झालेल्या स्फोटात ब्रिगेडियर रवि दत्त मेहता आणि राजनैतिक अधिकारी व्ही. व्यंकटेश्वर राव यांच्यासह ५० हून अधिक माणसे गेली, तरी आपण काम थांबवले नाही. अफगाण माणसाच्या मनात भारताविषयी जो जिव्हाळा आहे, तो या घामाने आणि रक्ताने कमावलेला आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले आणि भारताने काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. संवाद असावा, हे आम्हाला मान्य आहे. पण त्याच दौऱ्यात त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता. देशभरातून संताप उमटला आणि दोनच दिवसांत दुसरी परिषद घ्यावी लागली, तिथे महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसून प्रश्न विचारत होत्या. ठामपणे बोलले तर थोडी का होईना जागा निर्माण होते, हे त्या दोन दिवसांनी दाखवून दिले. भारत सरकारने हा ठामपणा दर भेटीत दाखवावा.

आमच्या अपेक्षा चार आहेत. पहिली, अफगाण मुलींसाठी ऑनलाइन पदवीच्या जागा भरपूर वाढवाव्यात आणि ज्यांना बाहेर पडता येते त्यांना विद्यार्थी व्हिसा सुलभ करावा. पुण्यासारख्या शहराने यात पुढाकार घ्यावा, कारण ही मुले आपल्याकडे आधीही घरच्यासारखी राहिली आहेत. दुसरी, सुईणी आणि परिचारिकांचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने आणि घराघरातून कसे पोहोचेल याचा आराखडा आपल्या वैद्यकीय संस्थांनी करावा. ग्रामीण भागात आशा सेविका उभ्या करण्याचा आपला अनुभव इथे उपयोगी पडेल. तिसरी, आपण बांधलेल्या धरणाच्या, वीजवाहिन्यांच्या, रुग्णालयाच्या देखभालीसाठी दरवर्षी तरतूद करावी आणि त्यासाठी अफगाण तंत्रज्ञांनाच तयार करावे. चौथी, मदतीच्या प्रत्येक कामाचा हिशेब त्या गावात, त्यांच्या भाषेत, सर्वांना दिसेल असा लावावा.

हा विषय अफगाणिस्तानापुरताही उरलेला नाही. युक्रेनच्या उभारणीला पाचशे अब्ज डॉलरहून अधिक लागतील, सीरियाला दोनशे अब्जांच्या वर, गाझाला सुमारे सत्तर अब्ज, असे अंदाज २०२५ मध्ये मांडले गेले आहेत. पुन्हा परिषदा भरतील, पुन्हा मोठे आकडे जाहीर होतील आणि टाळ्याही पडतील. दुसरीकडे श्रीमंत देश मदतीचा हात आखडता घेत आहेत आणि अमेरिकेने तर आपली मदतसंस्थाच मोडीत काढली आहे. म्हणजे पैसा थोडा असणार आणि तो जपून वापरावा लागणार. अशा वेळी त्या टेबलांवर बसणाऱ्यांनी प्रत्येक कामाबद्दल एक प्रश्न विचारावा: हे मोडले तर उद्या दुरुस्ती कोण करणार? ‘तिथली माणसे’ असे उत्तर ज्या कामाला देता येते, तेच काम हाती घ्यावे. जिथे देता येत नाही, तिथे आधी माणसे घडवावीत, बायका आणि पुरुष दोघेही.

हिवाळा सरत येईल तेव्हा नंगरहारमधल्या गावांत हशरचा दिवस ठरेल. मिराब निरोप धाडेल. फावडी घेऊन शेतकरी मरवारीदच्या काठावर जमतील, गाळ उपसतील, पुराने फाटलेली एखादी जाळी नव्याने विणून तिच्यात दगड भरतील. त्यांच्यातल्या कित्येकांनी नाकामुरांना पाहिलेही नसेल, पण दगड कसा बसवायचा हे त्यांना येते. त्याच गावात, घराच्या उंबऱ्याच्या आत, एखादी पंधरा वर्षांची मुलगी तीन-चार वर्षांपूर्वी सुटलेल्या पाठाचे पुस्तक उघडून बसलेली असेल. बापाच्या हाती फावडे आहे, तसे तिच्या हाती शिक्षण येईल तेव्हाच त्या देशाची उभारणी पुरी झाली असे म्हणता येईल.